पिशवीतला मळा

पेरणाऱ्याचा दाखला शिकवताना शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे एक अडचण नेहमी उभी राहते. हुबळीच्या रेल्वे वसाहतीत किंवा धारवाडच्या भाड्याच्या खोल्यांत वाढलेल्या मुलांनी खडकाळ जमीन पाहिलेली नसते आणि चांगली जमीनही पाहिलेली नसते. मेथी त्यांना ठाऊक असते ती दोऱ्याने बांधलेल्या पेंडीच्या रूपाने. तेव्हा प्रस्तुत धडा फळ्यावर शिकवायचा नाही. तो उपासनामंदिराच्या आवारात, तीन-चार महिन्यांत, खतमातीने भरलेल्या पिशव्यांतून शिकवायचा आहे. मोठ्यांनीही घरी करून पाहावा असा तो आहे. ज्यांना जमीन नाही त्यांच्यासाठीच ही रीत निघाली आहे, आणि आपल्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबांना जमीन नाही.

प्रथम आपल्या गावाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या विषयात हुबळी-धारवाडचे नाव दूरवर गेले आहे. शहराच्या कचऱ्याचे खत आसपासचे शेतकरी अनेक दशके विकत नेत असत. कचरा खड्ड्यांत साठवून कुजवला जाई, खड्ड्यांचा लिलाव होई, आणि खेड्यांतल्या गाड्या तो भरून शेतावर नेत. त्या काळचा कचरा म्हणजे भाजीची देठे, शेण, राख, पालापाचोळा. पुढे त्यात काच आली आणि प्लॅस्टिक आले. १९९० च्या दशकात परदेशी आणि धारवाडच्या अभ्यासकांनी मिळून या बाजाराची पाहणी केली, तेव्हा मागणी ओसरू लागलेली त्यांना दिसली. कचरा निवडायला मजूर लावावे लागत, तो खर्च परवडेना, आणि शेतात पिशव्यांचे तुकडे पसरू लागले. शेताकडून ताटाकडे आणि ताटाकडून पुन्हा शेताकडे जाणारी वाट अशी बंद झाली. ती बंद करणारा कोणी दुष्ट मनुष्य नव्हता. ओले आणि सुके एकाच बादलीत टाकण्याची आपली सवय त्याला पुरेशी झाली.

दुसरी गोष्ट पाण्याची. दोन्ही शहरांचे सांडपाणी नाल्यांनी बाहेर पडते आणि उन्हाळ्यात विहिरी आटल्या की त्या नाल्यांवर पंप बसतात. बिडनाळ, गब्बूर या बाजूंची शेती अशा पाण्यावर कशी चालते याची नोंद २००० नंतरच्या संशोधनात सविस्तर आली आहे. त्यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण योग्य नाही. बोअरला पाणी लागत नाही, आणि नाल्याच्या पाण्यात पिकाचे अन्नही असते, म्हणून खताचा खर्च वाचतो. परंतु त्याच पाण्यात जंतांची अंडी असतात, दवाखान्यांचा कचरा असतो. अशा शेतात किडीही अधिक, म्हणून औषधाच्या फवारण्याही अधिक. बाजारातली कोणती पेंडी कोठून आली हे विकणारी बाईदेखील सांगू शकत नाही. आपल्या मुलांना आपण कच्ची कोथिंबीर आणि कच्चा मुळा देतो, हे लक्षात घेतले म्हणजे दारातल्या दोन पिशव्यांची किंमत कळू लागते.

कचऱ्यापासून खत करण्याच्या शास्त्रात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्या मुलांना माहीत असावा. इंदूर येथील संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावरचे जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचे नाव आहे. वाडांचे नाव पुढे मागे पडले, हॉवर्ड यांचे राहिले. नंतर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची रीत काढली. ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून प्रसिद्ध झाली. टाके दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत विटांच्या मधून मधून फटी. त्यात सुमारे १०० किलो शेणावर चौदा-पंधराशे किलो काडीकचरा आणि जवळजवळ सतराशे किलो चाळलेली माती थरांनी घालायची. एवढ्या थोड्या शेणात एवढे खत होते, हे पांढरीपांडे यांचे मोठे काम. ज्याच्या दारी एकच गाय आहे अशा माणसाचा विचार त्यामागे आहे.

पिशवीपर्यंत हे शास्त्र आणण्याचे काम शहरवाल्यांनी केले. इंग्लंडात १९७० च्या दशकात दलदलीतल्या पीट मातीने भरलेल्या पिशव्या दुकानांत विकू लागल्या होत्या. आपल्याकडे पीट नाही आणि त्याची गरजही नाही. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे सामान्य शेतकऱ्याला प्रयोग करायला शिकवले. तासगावच्या द्राक्षबागांत त्याचे फळ दिसले. थोड्या जागेत, स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर कुटुंबाचे अन्न कसे पिकवावे याचाही हिशेब त्यांनी मांडला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी या अर्थशास्त्र्यांनी गच्चीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत उसाचे चिपाड भरून भाज्या आणि फळे काढून दाखवली. २००२ पासून त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग उभी केली. सुमारे तीन हजार कामगारांचे जेवण तेथे होई, आणि त्या स्वयंपाकाचा कचरा बाहेर फेकण्याऐवजी वरच्या गच्चीवर माती होऊ लागला. केरळात तर सरकारी योजनेतून घरटी २५ भरलेल्या पिशव्या देण्यात आल्या. आपल्याला २५ ने सुरुवात करायची नाही. चार पुरेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू, आणि येथे घाई करू नये. पिशवीतली शेती फसते ती बहुतेक वेळा पिशवीत नव्हे, तर खतात.

आवाराच्या कोपऱ्यात, झाडाच्या सावलीत, विटा न सांधता एकमेकींवर रचून तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असे टाके करावे. दोन विटांमध्ये तीन-चार बोटांची फट सोडावी. याहून लहान ढीग धरत नाही, कारण आतली ऊब टिकत नाही. मोठा ढीग मधोमध ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो, तेव्हा गवताचे बी आणि रोगजंतू बहुतांशी मरतात. तळाला काटक्या, त्यावर वीतभर सुका पाला, त्यावर दोन बोटे ओला कचरा, त्यावर शेणाचे पाणी आणि मूठ-दोन मूठ माती. असे थर वरपर्यंत. मापच हवे असेल तर एक टोपली ओल्या कचऱ्याला दोन ते तीन टोपल्या सुका पाला. कुजवणाऱ्या जंतूंना कर्ब आणि नत्र साधारण तीस भागांना एक भाग असे लागतात. सुक्या पाल्यात कर्ब अधिक, भाजीच्या देठांत आणि शेणात नत्र अधिक. नुसता ओला कचरा टाकला की घाण वास सुटतो, नुसता पाला टाकला की वर्षभर तसाच राहतो. ओल किती असावी? मूठभर मिश्रण दाबावे. बोटांतून एक-दोन थेंब निघाले तर ठीक, धार लागली तर पाला घालावा.

काय घालू नये हे भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे. मांसमच्छीचे उरलेले, तेलकट पदार्थ, आणि खारट शिळे अन्न किंवा लोणचे. मीठ कुजत नाही. ते खतात राहते आणि पिशवीसारख्या बंद जागेत साठत जाऊन मुळ्या जाळते. लूक १४:३५ मध्ये मिठाच्या बोलण्यात जमिनीचा आणि उकिरड्याचा उल्लेख का येतो, याचा एक दुवा खत करणाऱ्याला येथे मिळतो.

खत या विषयावर शास्त्रात आणखी एक महत्त्वाचा भाग आहे. लूक १३:६ ते ९ हा अंजिराच्या झाडाचा दाखला आपण न्यायाच्या आणि सहनशीलतेच्या अर्थाने शिकवतो, ते योग्यच आहे. पण माळी धन्याकडे काय मागतो ते शिक्षकांनी पुन्हा वाचावे. तो नुसती मुदत मागत नाही. झाडाभोवती खणण्याची आणि खत घालण्याची परवानगी मागतो, आणि ते काम स्वतः करण्याचे पत्करतो. खणल्याने मुळांना हवा मिळते, खताने अन्न मिळते, आणि दोन्हींचा परिणाम दिसायला एक हंगाम लागतो. शेती जाणणाऱ्या माणसाचे हे बोलणे आहे. पिशवीच्या बाबतीतही हीच तीन कामे आहेत, फक्त एका वर्षाऐवजी काही आठवडे.

तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. तयार झाले की नाही हे नाकाने आणि हाताने ओळखावे. रंग काळपट, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा, आत हात घातला तर गरम लागत नाही, आणि देठ-पाने ओळखू येत नाहीत. खात्री करायची असेल तर दोन वाट्या घ्याव्या, एकीत माती आणि एकीत खत, दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे. चार-पाच दिवसांत खताच्या वाटीतही मातीइतकेच कोंब आले तर खत वापरावे. कोंब आले नाहीत किंवा पिवळे पडले तर अजून तीन आठवडे थांबावे. कच्चे खत पिशवीत गेले म्हणजे कुजण्याचे उरलेले काम तेथे चालू होते, आणि जंतू रोपाच्या तोंडचे नत्र खाऊन टाकतात. ही वाट्यांची परीक्षा लहान मुलांच्या वर्गाने करावी. त्यांना ती फार आवडते.

पिशवी नुसत्या खताने भरू नये. नुसते खत महिन्यात खाली बसते आणि कोरडे झाले की पाणी शोषत नाही. एक भाग माती, एक भाग खत, आणि एक भाग हलके द्रव्य असे मिश्रण करावे. येथे आपल्या गावाच्या मातीचा विचार हवा. धारवाडच्या बाजूला लाल माती आहे, ती चालते. हुबळीच्या पूर्वेला, नवलगुंद-कुंदगोळकडे काळी माती आहे. ती कापसाला उत्तम, पण पिशवीत ओली झाली की लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की भेगाळते. काळीच मिळत असेल तर माती अर्धा भाग घ्यावी आणि हलके द्रव्य दीड भाग. हलके द्रव्य म्हणून दुकानातला नारळाचा भुसा घेतात. पण आपल्याकडे शेंगांची टरफले आणि भाताचे तूस सहज मिळते. ती कुटून किंवा भिजवून घातली तर काम भागते. दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली तर मुळाशी होणारा किडीचा त्रास कमी होतो.

पिशवी बाजारात मिळते तशी जाड विणीची घ्यावी, नाहीतर तांदळाची किंवा पशुखाद्याची रिकामी पोती तोंड दुमडून वापरावी. सिमेंटचे पोते घ्यायचे तर आधी झटकून धुवावे, नाहीतर चुनखडीने माती बिघडते. रासायनिक औषधाची पिशवी मुळीच घेऊ नये. बुडाच्या वर एक बोट अंतरावर, बाजूंना आठ-दहा भोके पाडावी. अगदी बुडालाच भोके असली तर जमिनीला टेकून ती बंद होतात. पिशव्या दोन विटांवर ठेवाव्या. वर तीन बोटे मोकळी जागा सोडावी, म्हणजे पाणी घालताना माती वाहून जात नाही.

वजनाचा विचार मात्र कोणी करत नाही, म्हणून तो लिहितो. बारा इंच रुंद व बारा इंच उंच पिशवीत सुमारे २० लिटर मिश्रण मावते, आणि ओली झाली की ती अठरा-वीस किलोंची होते. २५ पिशव्या म्हणजे जवळजवळ ५०० किलो. पंधरा इंची पिशवी तर तीस किलोंच्या पुढे जाते. सिमेंटच्या गच्चीवर भिंतीच्या कडेने, तुळईच्या वर त्या ठेवाव्या, मधोमध गर्दी करू नये. आपल्यापैकी अनेकांची घरे मंगलोरी कौलांची आहेत. ही कौले बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना घालून प्रथम काढली, आणि याच मिशनचे लोक १८३७ मध्ये धारवाडास व १८३९ मध्ये हुबळीस आले होते. कौलांवर पिशवी ठेवता येत नाही हे सांगायला नको. अशा घरांनी अंगण, जिन्याची कड किंवा न्हाणीच्या मागची जागा पाहावी. दिवसातून पाच-सहा तास ऊन येते की नाही एवढेच बघायचे. ऊन नसेल तर टोमॅटोचा हट्ट सोडावा. तीन तासांच्या उन्हात पुदिना आणि पालेभाजी येते.

काय लावावे? मेथी २५ ते ३० दिवसांत कापणीस येते, पालक तितक्याच दिवसांत, कोथिंबीर ४० दिवसांत, मुळा पंचेचाळीस. अंबाडी, जिला आपल्याकडचे कन्नड शेजारी पुंडी पल्ल्या म्हणतात, ती वरवर खुडत राहिले तर पुन्हा फुटते. भेंडीला बियापासून ४५ ते ५० दिवस. मिरची, वांगे, टोमॅटो यांची रोपे आधी तयार करावी आणि एका पिशवीत एकच रोप लावावे. दोन लावली तर दोन्ही अर्धपोटी राहतात. दोडका आणि दुधी यांना मोठी पिशवी आणि चढायला दोरी हवी. कांदा-बटाट्याच्या मागे लागू नये. घराचा बाजार या पिशव्यांनी भरणार नाही, आणि तो भरेल असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. परंतु हिरवी भाजी, कोथिंबीर आणि मिरची एवढे चार माणसांच्या घराला दहा-बारा पिशव्यांतून बरेचसे मिळते, आणि नाल्याच्या पाण्याची शंका सर्वांत जास्त याच भाज्यांविषयी असते.

पाणी थोडे आणि नेमाने. आपल्या शहरात २००८ साली काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले, तरी पुष्कळ भागांत ते रोज येत नाही. त्यामुळे तांदूळ-डाळ धुतलेले पाणी बादलीत साठवून तेच घालावे. साबणाचे घालू नये. बोट मातीत दोन पेरे खुपसावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. वरून पाल्याचे आच्छादन घातले तर उन्हाळ्यात निम्मे पाणी वाचते असे समजायला हरकत नाही. दर पंधरा दिवसांनी वरची माती खुरप्याने हलकी करून ओंजळभर खत घालावे. पिशवीतले रोप बाहेर जाऊन अन्न शोधू शकत नाही. मावा किंवा पांढरे पिठूळ ढेकूण दिसले तर पाने पाण्याच्या जोराने धुवावी आणि कडुनिंबाचे तेल थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात फवारले तर पाने करपतात.

एक आक्षेप सुज्ञ वाचक घेतील आणि तो रास्त आहे. प्लॅस्टिकने शहराचे खत बिघडवले असे वर लिहिले, आणि उपाय म्हणून प्लॅस्टिकचीच पिशवी सांगितली. उन्हाने ही पिशवी दोन-तीन वर्षांत जीर्ण होते आणि तिचे धागे सुटून मातीत मिसळू लागतात. तो धागा सुटण्यापूर्वीच माती काढून घ्यावी आणि पिशवी सुक्या कचऱ्यात द्यावी. गोणपाटाचे पोते वापरले तर हा दोष नाही, पण ते एका पावसाळ्यात कुजते. फुटका माठ, जुनी पत्र्याची घमेली, गळकी बादली यांना भोके पाडून आधी वापरावे आणि मग पिशव्या विकत घ्याव्या. रिकाम्या पोत्याला घरात दुसरा उपयोग नसतो, म्हणून नव्या पिशवीपेक्षा ते बरे. मला स्वतःला गळकी बादली सर्वांत सोयीची वाटते, कारण तिला उचलायला कडी असते.

वर्गासाठी तीन पिशव्या पुरे. एकीत नुसती दगडगोट्यांची माती, दुसरीत कच्चा कचरा वर मातीचा पातळ थर, तिसरीत तयार मिश्रण. तिन्हींत एकाच दिवशी मेथी पेरावी आणि मुलांनी दर रविवारी उंची पट्टीने मोजून वहीत लिहावी. शिक्षकांनी अर्थ आधी सांगू नये. दुसरी पिशवी पहिल्या आठवड्यात सर्वांत पुढे असते, कारण ती आतून गरम असते, आणि तिसऱ्या आठवड्यात पाने पिवळी पडू लागतात. मुले स्वतःच विचारतील. आठवड्यातून एकदाच भरणाऱ्या वर्गाच्या पिशव्यांना मधल्या सहा दिवसांत पाणी कोण घालणार, हे मात्र पेरण्यापूर्वी नावे लिहून ठरवावे. पाळकांच्या घरावर ते काम आपोआप पडते, आणि ते बरोबर नाही.

पुष्कळ मंडळ्यांत कापणीच्या सणाला भाज्या आणि फळे अर्पण होतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्यासाठी आपण आदल्या दिवशी बाजारातून आणतो. यंदा एक टोपली आवारातली असावी असे वाटत असेल तर दिवस मागे मोजावे लागतील. सण नोव्हेंबरच्या शेवटी धरला तर मेथी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, मुळा त्या महिन्याच्या पंधरवड्यात पेरावा. टोमॅटो-वांग्याचे बी ऑगस्टअखेर वाफ्यात पडले पाहिजे, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी रोपे पिशवीत जातात आणि साठ-पासष्ट दिवसांनी फळ हाती येते. सप्टेंबरला खत हवे तर टाके मे महिन्यात भरलेले असावे, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी त्यावर पत्रा किंवा झावळी टाकलेली असावी. मे महिन्यात पाला लागणार, तो मात्र झाडांवरून फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच गळतो. त्या दिवसांत आवार झाडून शनिवारी सकाळी जो ढीग आपण पेटवतो, तो पोत्यांत भरून ठेवण्याविषयी झाडलोट करणाऱ्या भावाशी जानेवारीतच बोलून ठेवावे.